कानामागचं पाणी

डॉक्टर थोरूप वर्षातून दोनदा येतात,
आठवडाभर, डेन्मार्कहून,
पेटीत बारीक बारीक अवजारं घेऊन.
त्यांचं डॅनिश आणि सोरिनेचं ग्रीनलँडी
यांच्या मधोमध माझी खुर्ची.
इलुलिसातच्या दवाखान्यात एकोणीस वर्षं
मी इकडचं तिकडे करते.
चहाडी नव्हे, नोकरी.

आज समोर इविक. वय पाच.
वस्तीवरून सहा तास होडीने आलाय,
अंगाला हॅलिबटचा वास, मुठीत दोरीचा तुकडा.
हाक मारली तर बघत नाही.
बाप दाराशी उभा, एनोक, टोपी हातात.
म्हणतो, हट्टी आहे,
या कानाने घेतो, त्या कानाने सोडतो.

घेतच नाही तो, डॉक्टर म्हणतात,
आणि कानाला यंत्र लावतात.
कागदावर टेकडी उमटायला हवी.
उमटते सपाट रेघ,
मार्चमधल्या गोठलेल्या फियॉर्डसारखी.
सोरिने तोंडावर हात ठेवते.
तिच्या वडिलांच्या पलंगाशेजारच्या यंत्रावर
शेवटी अशीच आली होती.
मी तिला हळूच सांगते,
ही कानाची रेघ, बाई. हिने कोणी मरत नाही.
एवढं वाक्य माझ्या पदरचं.

पडद्यामागे पाणी साचलंय, डॉक्टर म्हणतात,
घट्ट, डिंकासारखं.
आमच्याकडे झाडंच नाहीत,
डिंक कुठून आणू?
थोडी थांबते. मग म्हणते,
कडाक्याच्या थंडीत इंजिनातलं तेल जड होतं ना,
दोरी ओढून ओढून खांदा दुखतो,
मोटर काही उठत नाही.
एनोक पहिल्यांदाच मान हलवतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी
इविकच्या नाकावर मास्क. दहापर्यंत मोज, म्हणते मी.
तो माझे ओठ बघतो, तीनवर झोपतो.
पुढचं सगळं भिंगाखाली:
पडद्यावर पापणीच्या केसाएवढी चीर,
काचनळीतून वर चढणारा पिवळट धागा,
लांबच लांब, तुटता तुटेना.
मग चिरेत बसवलेली नळी, तिळाएवढी.
वर्षभरात आपली आपण गळून पडेल,
उशीवर सापडली तर सापडली.
दोन्ही कान मिळून पंधरा मिनिटं.
माझी कॉफी अजून कोमट होती.

बाहेरच्या बाकावर एनोक मला म्हणाला,
डॉक्टरांना एक विचार.
गेल्या हिवाळ्यात बर्फ तडकायला लागला,
मी ओरडलो, थांब.
हा आपला चालतोच आहे.
धावत जाऊन ओढून आणला
आणि कान उपटला त्याचा. उजवा.
त्यानं झालं का हे?

मी विचारलं.
डॉक्टर हातमोजे काढत होते, म्हणाले, नाही.
डॅनिशमध्ये तो एक शब्द, आमच्यातही एकच.
एकोणीस वर्षांत इतका सावकाश
दुसरा कुठला शब्द मी पोचवला नसेल.
एनोकने टोपी घातली. काढली.
पुन्हा घातली.

इविक जागा झाला तो रडतच,
आणि मध्येच थांबला.
नर्सने बिस्किटाचा पुडा फोडला होता.
हे कोण, त्याने विचारलं.
कागद, सोरिने म्हणाली.
हे कोण?
नळ.
हे?
तुझ्या बापाचं जाकीट.
मग बराच वेळ काही विचारलं नाही,
दोरीचा तुकडा कानाशी नेऊन
बोटांत चोळत बसला.

एनोक त्याच्या पाठीमागे जाऊन उभा राहिला,
जिथून ओठ दिसत नाहीत.
रोजच्या आवाजात म्हणाला, इविक.
पोराने दोन्ही हात कानांवर ठेवले,
वळून वर पाहिलं.
ओरडू नकोस ना, म्हणाला.

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं,
काय म्हणतोय?
मी खिडकीबाहेर पाहत राहिले.
तेवढं काही
इकडचं तिकडे केलं नाही.